चायनीज गार्डन्सचा रिव्ह्यू: सुझोऊ, यांगझोऊ, बीजिंग, ग्वांगडोंग, पैसे नक्की कुठे वसूल होतात

आधी मार्क देऊन टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचून बुकिंग करावं. सुझोऊची वांगशी बाग पाचपैकी पाच, यांगझोऊचं गयुआन साडेचार, वुशीची जिचांग साडेचार, ग्वांगझोऊजवळची युयिन चार, बीजिंगचा समर पॅलेस चार, सुझोऊचीच जगप्रसिद्ध झुओझेंग साडेतीन आणि शिझिलिन तीन, तेही बरोबर लहान पोरं असतील तर. झुओझेंगला साडेतीन दिले म्हणून काही जण माझ्यावर धावून येणार हे माहितीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झालं असं की आम्ही एका ट्रॅव्हल कंपनीच्या पॅकेजने सुरुवात केली (नाव घेत नाही), आणि त्यांच्या गाईडबाईंनी झुओझेंग बाग अशी पळवत दाखवली की हातातला झेंडा आणि पुढच्या माणसाची पाठ सोडून काही दिसलं असेल तर शपथ. त्यानंतर सिल्कच्या दुकानात मात्र निवांत वेळ. आणि वर हे वाक्य, की आता तुम्ही चायनीज गार्डन बघितलं, बाकीच्या सगळ्या साधारण अशाच असतात. साफ चूक. बाकीच्या अजिबात अशा नसतात, आणि का नसतात हे कळलं की मगच खरी मजा यायला लागते. माझं मत विचाराल तर चिनी बागेत शिरल्यावर झाडं-फुलं नंतर बघा, आधी हे शोधा की पैसे कोणाचे होते. नोकरीला कंटाळलेल्या अधिकाऱ्याचे, मिठाच्या व्यापाऱ्याचे, का खुद्द बादशहाचे. दगड, रंग, पाणी, छपराचे कोपरे, सगळं त्याच्यावरून ठरलेलं असतं, आणि उरलेलं हवा ठरवते.

सुझोऊ म्हणजे अधिकाऱ्यांचा गाव. झुओझेंग बांधायला घेतली वांग शियानचेन नावाच्या मिंग काळातल्या अधिकाऱ्याने, १५०९ च्या सुमारास, दरबारातल्या राजकारणाला वैतागून घरी परत आल्यावर. त्याचा मित्र वेन झेंगमिंग मोठा चित्रकार, त्याने १५३३ मध्ये या बागेतल्या ३१ जागांची चित्रं काढून प्रत्येकाला कविता जोडली. पुढे वांगच्या पोराने म्हणे एका रात्रीत जुगारात ही बाग घालवली, असं सांगतात तिथे, खरं-खोटं तो जाणे. आज ही सव्वापाच हेक्टरच्या आसपास आहे, सुझोऊच्या मानाने खूपच मोठी, तिकीट सीझनला ८० युआन आणि एरवी ७०. पाणी भरपूर, कमळं भरपूर आणि माणसं त्याहून भरपूर.

दीड मार्क गर्दीचे कापले असं नाही खरं तर. बाग मोठी आहे आणि बराच भाग नंतर नंतर जोडलेला आहे, त्यामुळे पूर्वेकडून आत शिरल्यावर बराच वेळ आपण एका छान पब्लिक पार्कमध्ये आहोत असंच वाटत राहतं. खरा ऐवज मधल्या भागात. तिथे तळ्याच्या पूर्व टोकाला उभं राहून पश्चिमेकडे बघायचं, पाण्याच्या वर, झाडांच्या मधोमध बरोब्बर एक उंच पॅगोडा दिसतो, आणि आपण म्हणतो वा, पलीकडच्या काठावर काय मस्त पॅगोडा बांधलाय. तो बागेत नाहीचे! तो बेईसी देवळाचा ७६ मीटरचा पॅगोडा आहे, बागेच्या भिंतीबाहेर, गावात चांगला लांब. झाडं आणि काठ असे बसवलेत की मधलं गाव गायब आणि शेजाऱ्याचा पॅगोडा आपल्या खात्यात जमा. याला ते उसना देखावा म्हणतात, जी चेंग नावाच्या बाग रचणाऱ्या माणसाने १६३१ मध्ये बागकामावर अख्खा ग्रंथ लिहून ठेवला त्यात या उसनवारीला त्याने सगळ्यात वरचं स्थान दिलंय. हा पॅगोडा लक्षात ठेवा, पुढे प्रत्येक गावात ही उसनवारी वेगळ्या तऱ्हेने केलेली दिसते.

रंगाचं पण इथेच सांगते. पांढऱ्या भिंती, काळपट कौलं, गडद तपकिरी लाकूड, बास. पिवळी चकचकीत कौलं बादशहाची, इतरांनी वापरायची नाहीत असा नियमच होता, त्यामुळे खाजगी माणूस रंगात गरीबच राहायचा. पण सुझोऊवाल्यांनी त्याचं सोनं केलं, कारण दुपारी त्या पांढऱ्या भिंतीवर बांबूची सावली हलायला लागली की वेगळं चित्र लावायची गरजच उरत नाही. छपराचे कोपरे मात्र बिनधास्त वर वळवलेले, अगदी उडायला निघाल्यासारखे, उत्तरेत ते इतके वळवत नाहीत.

आता वांगशी. एक हेक्टरसुद्धा नाही हो, घर धरून अर्ध्या हेक्टरच्या आसपास. मूळ जागा १२ व्या शतकातली, आत्ताची रचना १८ व्या शतकातल्या दुसऱ्या मालकाच्या काळापासूनची. तिकीट सीझनला ४०, एरवी ३०, म्हणजे झुओझेंगच्या निम्मं, आणि दिलेल्या पैशाला न्याय मात्र दुपटीने. मधलं तळं मनाने मोजायला जाल तर फसता. पाण्याचे दोन कोपरे लांब ओढून दगडांच्या खाली गायब केलेत, त्यामुळे पाणी संपतं कुठे ते दिसतच नाही, आणि त्यातल्या एका कोपऱ्यावर एक दगडी कमानीचा पूल आहे तो तीन पावलांत ओलांडून होतो, खरोखर तीन पावलं, तिथे त्याला म्हणतातच तीन पावलांचा पूल. तो पूल इतका बारका केलाय म्हणून बाजूचं तळं मोठं वाटतं. मोठ्या इमारती काठावर येऊ दिलेल्या नाहीत, त्या दगडांच्या आणि झाडांच्या मागे ढकलल्यात, पाण्याला लागून फक्त छोट्या हलक्या बैठका. पश्चिम काठावरच्या सहा कोनी मंडपात मागच्या भिंतीला आरसा लावलाय, त्यात पुन्हा तळं दिसतं. मी तिथे बसले तर समोर पाणी, मागे पाणी, आणि वर छताला उन्हाचे कवडसे हलतायत. उठावंसं वाटेना.

मागच्या बाजूला एक छोटं अंगण आहे, त्याची नक्कल न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९८१ मध्ये उभी केली, सुझोऊहून कारागीर नेऊन. आणि १९३० च्या दशकात याच घरात झांग दाचियान हा चित्रकार भावाबरोबर राहायचा, त्या भावाने चित्रं काढायला चक्क वाघाचं पिल्लू पाळलेलं, ते मेल्यावर तिथेच पुरलं, त्याच्या नावाचा दगड आहे अजून. ऑडिओ गाईड ऐकत नुसते फिरणारे लोक त्याच्या बाजूने निघून जातात, बघून घ्या. गरम दिवसांत संध्याकाळी इथे वेगळ्या तिकिटाचा कार्यक्रम असतो, एकेका दालनात कुठे कुन ऑपेराचा तुकडा, कुठे बासरी, कुठे सुझोऊची पिंगतान गाणी, आणि आपण कंदिलांच्या उजेडात एका दालनातून दुसऱ्यात जायचं. दिवसाच्या तिकिटापेक्षा बराच महाग, पण संगीतातलं काही कळत नसलं तरी जा, कारण ही बाग मुळात संध्याकाळी पाहुणे बोलवायला बांधलीये हे तेव्हा कुठे डोक्यात शिरतं.

सुझोऊच्याच कांगलांग बागेबद्दल एकच सांगते, तिथे पाणी बागेच्या बाहेर आहे. समोरचा कालवाच त्यांनी बागेत धरलाय, काठाने दुहेरी पडवी, मधल्या भिंतीत जाळीच्या खिडक्या, सगळ्या बागेत मिळून १०८ प्रकारच्या, एक दुसरीसारखी नाही. त्यामुळे तिकीट काढायच्या आधी रस्त्यावरूनच अर्धी बाग फुकट बघून होते. सुझोऊतली सगळ्यात जुन्या वंशाची बाग ही, ११ व्या शतकापासूनची.

शिझिलिन म्हणजे तायहू दगडांचा भुलभुलैया. तायहू तळ्यातला हा चुनखडीचा दगड, पाण्याने खाऊन भोकं पडलेला, आणि चांगला दगड ओळखायच्या त्यांच्या कसोट्या ठरलेल्या आहेत, बारीक कंबर हवी, अंगावर सुरकुत्या हव्यात, भोकं हवीत आणि आरपार दिसायला हवं. एकेकटा उभा केलेला असा दगड बघायचा तर लिऊ बागेत जा, तिथला साडेसहा मीटरचा उभा दगड बघून मान दुखेल. शिझिलिनमध्ये मात्र असे दगड इतके खच्चून भरलेत की नजरेला बसायला जागा नाही. चियानलाँग बादशहाला ही बाग इतकी आवडली की त्याने हिच्या नकला उत्तरेत उभ्या केल्या, आणि दुसरीकडे सुझोऊचाच लेखक शेन फू, साधारण दोनशे वर्षांपूर्वीचा, त्याने हिला कोळशाच्या राखेचा ढीग, वर शेवाळ आणि मुंग्यांची बिळं असं लिहून ठेवलंय. मी शेन फूच्या पार्टीत. पोरं मात्र गुहेतून बाहेर यायला तयार नसतात, ते एक आहे.

यांगझोऊला फार कमी लोक जातात आणि मला हे कळतच नाही. हे गाव मोठ्या कालव्यावर, आणि छिंग काळात मिठाचा सरकारी मक्ता इथल्या व्यापाऱ्यांकडे, म्हणजे पैसा इतका की ठेवायचा कुठे हा प्रश्न. सुझोऊचा अधिकारी आपला साधेपणा दाखवण्यासाठी बाग बांधतो (साधेपणाला खर्च किती आला ते विचारायचं नाही), इथला व्यापारी सरळ पैसा दाखवण्यासाठी बांधतो, त्यामुळे इमारती उंच, दुमजली, खांब जाड, आणि तरी कारागीर दक्षिणेचे त्यामुळे कामात नाजूकपणा. हयुआन नावाच्या बागेत तर दुमजली छताची वाट आहे, पावसात एक थेंब अंगावर न घेता वरच्या मजल्यावरून अख्खी बाग फिरता येते. १८८० च्या दशकातली बाग असल्याने मधूनच पाश्चात्य पद्धतीच्या खिडक्या पण दिसतात, त्या मला तरी उपऱ्या वाटल्या.

पण गयुआन! हुआंग झियुन नावाच्या मीठ व्यापाऱ्यांच्या म्होरक्याने १८१८ मध्ये बांधलं, आणि यात दगडांनी चार ऋतू केलेत. दारातच बांबूच्या बनात कोंबासारखे उभे दगड रोवलेत, तो वसंत. मग करड्या तायहू दगडाची गुहा, पायथ्याशी पाणी, आत शिरलं की खरंच गार, तो उन्हाळा. मग पिवळसर तांबूस दगडांचा उंच डोंगर, त्याचं तोंड पश्चिमेला ठेवलंय म्हणजे मावळतीचं ऊन पडलं की पेटल्यासारखा दिसावा, तो शरद. आणि शेवटी दक्षिणेच्या भिंतीच्या आतल्या अंगाला, जिथे ऊन पोचतच नाही अशा सावलीत, पांढरट गारगोटीसारख्या दगडांचा ढीग, भर उन्हाळ्यातसुद्धा न वितळलेल्या बर्फासारखा, आणि त्या भिंतीत २४ गोल भोकं पाडलीत, पलीकडच्या बोळातून वारा आला की हिवाळ्यातल्यासारखी शीळ वाजते. मी गेले तेव्हा वारा नव्हता, तर एक आजोबा आपल्या नातवाला एका भोकात तोंड घालून स्वतःच फुंकर मारून दाखवत होते. आणि मग पश्चिमेच्या भिंतीतल्या गोल खिडकीतून बघावं तर पलीकडे पुन्हा बांबू आणि ते वसंताचे कोंब. हे बघून मी अक्षरशः टाळी वाजवली.

गंमत म्हणजे यांगझोऊला स्वतःचा दगडच नाही. सगळा बाहेरून, मीठ घेऊन गेलेल्या बोटी येताना दगड भरून यायच्या असं सांगतात, आणि मोठे दगड परवडणारे नव्हते असं नाही पण आणणं कठीण, म्हणून लहान तुकडे एकमेकांना जोडून डोंगर उभे करण्यात इथले कारागीर पटाईत झाले. सांधे शोधायचा प्रयत्न करून बघा. अर्धा मार्क कापला तो संध्याकाळच्या रंगीत लायटिंगसाठी, हिरवे निळे दिवे दगडांवर सोडायची काही गरज नव्हती.

बीजिंगचा समर पॅलेस हे प्रकरणच वेगळं. २९० हेक्टर, त्यातलं तीन चतुर्थांश पाणी. सुझोऊच्या बागेत आपण खोलीतून खोलीत जातो, इथे आपण प्रदेशात जातो. चियानलाँगने १७५० मध्ये आईच्या साठीच्या निमित्ताने कामाला सुरुवात केली, १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी जाळलं, नंतर १८८० च्या दशकात राणी त्सिशीने परत उभं केलं, म्हणजे आज जे दिसतं त्यात बरंच तिचं. इथे रंग म्हणजे रंग, लाल खांब, हिरव्या-निळ्या तुळया, ७२८ मीटरची लांब पडवी आणि तिच्या तुळयांवर हजारोंनी चित्रं. भडक वाटतं ना? जानेवारीत जाऊन बघा. तळं गोठलेलं, झाडं खराटे, आकाश करडं, आणि तेव्हा तो लाल-हिरवा रंग किती आधार देतो ते कळतं. उत्तरेत वर्षातले कितीतरी महिने हिरवं असं काही नसतंच, पाईन आणि सायप्रस सोडले तर, मग हिरवा रंग तुळयांवरच लावायचा. सुझोऊची पांढरी भिंत इथे आणली असती तर मेलेली दिसली असती. छपरं पण जड, बसकी, थंडीला तोंड द्यायला बांधलेली.

आणि बादशहा उसनवारी कशी करतो बघा. पॅगोडा इथेही आहे, पश्चिमेला युचुआन टेकडीवरचा, तळ्याच्या पलीकडे दिसतो तो पॅलेसच्या हद्दीबाहेरच आहे, पण सुझोऊवाला गावातल्या देवळाचा पॅगोडा उसना घेतो, हा अख्खी डोंगररांग घेतो. शिवाय बादशहाला देखावा उसना घेऊन पुरत नाही, तो बागच उचलतो. चियानलाँगने दक्षिणेचे सहा दौरे केले, जे आवडलं त्याचं चित्र काढून घेतलं आणि उत्तरेत बांधलं. समर पॅलेसचं तळं हांगझोऊच्या वेस्ट लेकवरून, आणि कोपऱ्यातली शिएछू नावाची छोटी बाग वुशीच्या जिचांगवरून. मी दोन्ही बघितल्या आणि एकदम पटलं की नक्कल प्रामाणिकपणे केली तरी जागा आपलं म्हणणं मांडतेच. जिचांगमध्ये तळ्याच्या एका बाजूला नुसती झाडं आणि मातीचा उतार, तो मागच्या हुइशान डोंगरात कधी मिसळतो ते कळत नाही, शेजारच्या टेकडीवरचा लाँगग्वांग पॅगोडा पाण्यात उतरलेला, आणि पिवळ्या दगडांच्या घळीतून झऱ्याचं पाणी आवाज करत वाहतंय. शिएछूमध्ये पुढे एकोणिसाव्या शतकात बदल झाले, आता तळ्याला चहूबाजूंनी लाल खांबांच्या पडव्यांनी घेरलंय, म्हणजे बघायला पाणी आहे पण बसायला दरबार. वाईट नाही, पण जिचांग बघून आलात तर हसू येईल. वुशी सुझोऊहून ट्रेनने अगदी जवळ आहे, टाळायला काही कारण नाही.

समर पॅलेसचं साधं तिकीट सीझनला ३० युआन, एवढ्या जागेला काहीच नाही, आतल्या काही भागांचे वेगळे पैसे. पायाचे मात्र तुकडे पडतात.

ग्वांगडोंगला जाताना माझी अपेक्षा शून्य होती, कारण सुझोऊप्रेमी लोक तिथल्या बागांना नाकं मुरडतात. युयिन १८६० च्या दशकातली, जेमतेम सोळाशे चौरस मीटर, आणि पहिला धक्का म्हणजे एक तळं चक्क चौकोनी! दुसरं तळं आठ कोनी, मधोमध आठ खिडक्यांची बैठक. सुझोऊत सरळ रेघ काढली तर गुन्हा, इथे सगळं पट्टीने आखलेलं. दुसरा धक्का रंगीत काचा, निळ्या, लाल, पिवळ्या, बंदरातून परदेशी माल यायचा त्याचा परिणाम. बाहेर रणरणतं ऊन आणि दमट हवा, आत बसून निळ्या काचेतून बघितलं की तेच अंगण गारठलेलं दिसतं. इथे हिवाळा असा नसतोच, मग यांगझोऊवाल्याने जे काम पांढऱ्या दगडाकडून करून घेतलं ते इथे काचेकडून. (निळी काच सुझोऊच्या झुओझेंगमध्येही एका दालनात आहे, पण तिथे ती हौस, इथे ती गरज.) घरं एकमेकांना चिकटून, मध्ये अरुंद बोळ, त्यातून वारा खेचला जातो, बोळात उभं राहिलं की लगेच फरक कळतो. भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यातली फळं-पक्ष्यांची रंगीत नक्षी, ती काही लोकांना गावठी वाटते, मला आवडली. एक मार्क गेला तो दगडकामासाठी, यिंगदेचा काळसर धारदार दगड तुकड्यातुकड्याने जोडून केलेले डोंगर मला जवळून नाटकी वाटतात.

डोंगग्वानचं कयुआन पण असंच, १८५० चं, एका लष्करी अधिकाऱ्याचं. त्याची उसनवारी सगळ्यात सरळ, कुणाच्या पॅगोडाची वाट बघायची नाही, स्वतःच घरावर साडेपंधरा मीटर उंच मजले चढवायचे आणि वर जाऊन लांबचे डोंगर बघायचे. फौजी डोकं.

चेंगडूला मार्क देत नाही कारण तो हिशोबच निराळा. तिथल्या जुन्या बागा कुणा श्रीमंताच्या नाहीत, कवींच्या आणि सेनापतींच्या स्मरणार्थ, कवी दू फू इथे ७५९ मध्ये येऊन झोपडी बांधून राहिला त्या जागेची बाग, झुगे लियांगच्या स्मरणार्थ असलेल्या वूहौ मंदिराची लाल भिंतींमधली बांबूची वाट. दगडांचा दिखावा नाही, झाडं दाट आणि जरा मोकळी वाढलेली, आणि बाहेर कुठेही बसा, झाकणाच्या कपातला चहा येतो, कुणी उठवत नाही.

बुकिंगचं सांगते. सगळीकडे पासपोर्ट नंबरवर तिकीट, मोठ्या बागांना आधीच स्लॉट घ्या, वीचॅट या चिनी ॲपवर होतं पण परदेशी कार्ड लावायला आधी हॉटेलात बसून खटपट करून ठेवा, गेटवर उभं राहून नको. १ ऑक्टोबरच्या सुट्टीचा आठवडा आणि मे महिन्याची सुरुवात हे दिवस सोडून द्या. झुओझेंगला जायचंच असेल तर उघडल्या उघडल्या आत शिरा, पूर्वेचा भाग न बघता सरळ मधल्या तळ्याकडे चाला, आणि बाहेर आल्यावर शेजारीच सुझोऊ म्युझियम आहे, आर्किटेक्ट आय. एम. पेईने केलेलं, २००६ चं, ज्यांच्या घराण्याकडे एकेकाळी शिझिलिन होती तेच पेई. तिथे पांढऱ्या भिंतीसमोर पातळ कापलेल्या दगडांचा डोंगर उभा केलाय, तो बघाच. फुकट आहे पण बुकिंग लागतं, आणि सोमवारी बंद.